रूथ क्रॉफर्डची दीड मिनिटं : एका पियानो-अभ्यासाचं प्रकरण

पियानोसाठी लिहायला बसलेल्या माणसापुढे ८८ पट्ट्या असतात आणि वाजवणाऱ्याची दहा बोटं असतात. एका दमात दहा स्वर देणारं वाद्य समोर असताना एका वेळी एकच स्वर वाजवायचा, दुसऱ्या हाताने तोच स्वर वेगळ्या सप्तकात वाजवायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत यापलीकडे काहीच करायचं नाही, असं कुणी ठरवलं तर त्यामागे सबळ कारण असणार. १९३० साली रूथ क्रॉफर्ड या अमेरिकी संगीतकर्तीने नेमकं हेच ठरवलं. रचनेचं नाव ‘पियानो स्टडी इन मिक्स्ड ॲक्सेंट्स’, म्हणजे मिश्र आघातांचा पियानो-अभ्यास. वाजायला फार तर दीड मिनिट लागतं.

या रचनेचा उल्लेख जिथे येतो तिथे तिच्यावर दोनांपैकी एक चिठ्ठी लावलेली सापडते. एक ‘प्रयोग’ आणि दुसरी ‘त्या काळातल्या एका स्त्रीचं काम’. दोन्ही खरं आहे, पण दोन्ही चिठ्ठ्या बरणीच्या बाहेर आहेत. आत काय आहे ते त्यांवरून कळत नाही. बरीच वर्षं मीही तिला हुशारीने केलेला बोटांचा व्यायाम समजत होतो. हळूहळू, एकेक ओळ करत ती वाजवायला घेतली तेव्हा ध्यानात आलं, की हा काउंटरपॉइंट आहे. काउंटरपॉइंट म्हणजे दोन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालवण्याची कला. इथे दुसरी सुरावटच नाही, तरी काउंटरपॉइंट आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हे प्रकरण लिहितो आहे.

न्यूयॉर्कला येईपर्यंत

रूथचा जन्म १९०१ सालचा, ओहायो राज्यातल्या ईस्ट लिव्हरपूलचा. वडील मेथडिस्ट पंथाचे पाद्री, त्यामुळे बदल्या होत राहिल्या आणि लहानपण बरंचसं फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला गेलं. १९२१ साली ती पियानो शिकायला शिकागोला आली. मैफलीत वाजवणारी पियानोवादक व्हायचं हे मनात होतं, पण हाताचं दुखणं आडवं आलं आणि ती रचनेकडे वळली. पियानोच्या तिच्या शिक्षिका जान लाव्वा-हर्ट्‌झ या रशियन संगीतकार स्क्र्याबिनच्या भक्त होत्या. त्यांच्या घरी रूथच्या कानावर जे पडलं ते १९२४ ते १९२८ या काळातल्या तिच्या नऊ प्रिल्यूड्समध्ये भरून आहे. दाट, एकावर एक रचलेले कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ, पेडल दाबून हवेत तरंगत ठेवलेले नाद, गूढ वाटणारी शांतता. त्या लहान रचना आजही मला फार आवडतात. पुढे तिने काय सोडलं ते कळायला त्या आधी ऐकायला हव्यात.

शिकागोतच तिची ओळख हेन्री कॉवेल या संगीतकाराशी झाली. नव्या संगीताच्या स्वरलिपी छापता याव्यात म्हणून त्याने १९२७ साली ‘न्यू म्युझिक’ नावाचं नियतकालिक सुरू केलं होतं आणि त्यात रूथची काही प्रिल्यूड्सही छापली. १९२९च्या शरदात ती न्यूयॉर्कला आली. संगीतकारांना आसरा देणाऱ्या ब्लांश वॉल्टन यांच्या घरी तिची राहायची सोय झाली आणि कॉवेलने तिची गाठ आपल्या जुन्या गुरूशी, चार्ल्स सीगरशी घालून दिली. सीगर पहिल्यांदा तयार नव्हता. बायकांच्या हातून रचना होतात यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. पण थोडे धडे देऊन पाहू म्हणून सुरुवात झाली आणि काही आठवड्यांत त्याचं मत फिरलं. १९३०च्या उन्हाळ्यात तो आपल्या सिद्धांतावरचा ग्रंथ लिहीत होता तेव्हा ते काम रूथच्या बरोबरीने चाललं. १९३२ साली दोघांनी लग्न केलं.

मधला एक प्रसंग सांगायला हवा. १९३० साली सीगर, कॉवेल आणि आणखी काही जणांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये संगीतशास्त्राची एक मंडळी स्थापन केली. स्थापनेची बैठक वॉल्टनबाईंच्या घरीच होती, रूथ राहत होती त्याच घरी. रूथला आत बसू दिलं नाही. संगीतशास्त्र हे बायकांचं काम आहे असं कुणी म्हणू नये, अशी सीगरची काळजी होती. रूथ शेजारच्या खोलीत, बंद दाराला कान लावून बोलणं ऐकत राहिली. जिच्या रचनांमधून त्या मंडळींच्या कल्पना पहिल्यांदा कानाला पटणार होत्या, ती दाराबाहेर. हे वाचलं तेव्हा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तरी त्या बंद दाराचा आणि या रचनेचा सांधा जोडून ‘कोंडलेल्या बाईचा आक्रोश’ वगैरे लिहिणं मला मान्य नाही. रचनेत आक्रोश नाही. तिच्यात एक प्रश्न आहे, आणि तो संगीतातला प्रश्न आहे.

प्रश्न काय होता

सीगरची शिकवण होती ‘विसंवादी काउंटरपॉइंट’ची. युरोपच्या जुन्या शिस्तीत संवादी स्वर म्हणजे विसावा आणि विसंवादी स्वर म्हणजे ताण. ताण आणायचा तर आधी वाट तयार करायची आणि मग तो सोडवायचा. सीगरने ही शिस्तच उलटी केली. विसंवाद हा मुक्काम, आणि संवादी स्वर आलाच तर त्याची सोडवणूक करायची. आपल्याकडे विवादी स्वर रागात पाहुण्यासारखा, क्वचित आणि जपून लावतात. इथे पाहुणा घरचा धनी झाला. त्यातूनच पुढचा नियम निघतो : एखादा स्वर लागला की पुष्कळ वेगवेगळे स्वर होऊन जाईपर्यंत त्याच्याकडे परतायचं नाही. परतलं की त्याचा षड्ज होऊ लागतो आणि बाकीचे स्वर त्याच्या घरात राहायला येतात. ऑस्ट्रियन संगीतकार शोएनबर्गची बारा स्वरांची ठरावीक माळ इथे नाही. कान सावध ठेवून घर बांधू न देण्याची ही सवय आहे.

पण सीगरचं म्हणणं स्वरांपाशी थांबत नव्हतं. लय, आघात, आवाजाचा लहान-मोठेपणा, यांतही विसंवाद असू शकतो असं तो म्हणे. या बाजू एरवी एकमेकींच्या मागे मेंढरांसारख्या जातात. सुरावट वर चढली की आवाज वाढतो, ठेक्याची सम आली की आघात पडतो. यांची एकमेकींपासून फारकत केली तर काय होईल? कल्पना भारी होती, पण कागदावरची होती. सीगरच्या स्वतःच्या रचना मोजक्या. ती कानाला पटवायची तर कुणीतरी ती वाजवता येईल अशी लिहायला हवी होती.

रूथपुढची अडचण अशी होती, की कॉर्ड हे तिचं बलस्थान होतं. प्रिल्यूड्समध्ये अर्धं काम त्या दाट नादांनीच केलं होतं. नवी शिस्त अंगी बाणवायची तर तिथेच हात आखडायला हवा, कारण सुंदर कॉर्ड पुढे आला की आघात आणि लय यांच्याकडे कान जातच नाही. तेव्हा तिने सुगरणीने मसाल्याचा डबा वर फडताळावर ठेवून द्यावा तसं केलं. कॉर्ड नाहीत. दुसरी सुरावट नाही. स्वरांच्या लांबी-आखूडपणाचा खेळ नाही, कारण सगळे स्वर सारख्याच द्रुत गतीचे, सोळांश. मात्रांचं ठरलेलं आवर्तन नाही, म्हणजे समही नाही आणि खालीही नाही. पियानोच्या पोटातल्या तारा छेडणं किंवा पंजाने, अख्ख्या हाताने पट्ट्या दाबणं, असल्या कॉवेलच्या युक्त्याही नाहीत. डब्याबाहेर तीनच गोष्टी उरल्या : स्वराची उंची, आघात, आणि आवाजाचा जोर.

आघात

स्वरलिपीत आघाताची खूण चिमणीच्या चोचीसारखी दिसते. ती ज्या स्वरावर असेल तो स्वर ठोकून वाजवायचा. या रचनेत चोची सगळीकडे विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्यातलं अंतर सारखं बदलतं. स्वर एकाच गतीने वाहत असतात, पण त्यांचे गट होत जातात : कधी दोनांचा, कधी तिनांचा, कधी चारांचा, कधी त्याहून मोठा. पुढचा गट केवढा येईल याचा अंदाज बांधावा तर तो फसतो.

याने काय होतं हे समजायला पियानोची गरज नाही. न-व-रा-जा ही चार अक्षरं सारख्या गतीने म्हणून पाहा. तिसऱ्या अक्षरानंतर तोडलं तर ‘नवरा, जा’. दुसऱ्यानंतर तोडलं तर ‘नव राजा’. अक्षरं तीच, क्रम तोच, गती तीच, आणि तोड बदलल्याबरोबर निरोप बदलला. आघात सुरावटीला हेच करतो. तो स्वर बदलत नाही, पण कुठला स्वर कुणाच्या घरचा हे ठरवतो. ठेका असता तर हे काम ठेक्याने केलं असतं आणि आघात नुसता शोभेला राहिला असता. ठेका काढून घेतला तेव्हा सगळा भार आघातावर आला. इथे आघात म्हणजे सुरावटीचं व्याकरण.

तबल्याच्या साथीवर वाढलेल्या कानाला इथे सवयीचा मोह होतो. गट मोजत राहायचं आणि कुठेतरी सगळे हिशेब जुळून समेवर येतील याची वाट पाहायची. तिहाई ऐकताना आपण तेच करतो, आधी बिघडवलेला हिशेब शेवटच्या ‘धा’वर चुकता होतो आणि मान आपसूक डोलते. रूथच्या रचनेत तो ‘धा’ नाही. मी सुरुवातीला तो शोधत होतो आणि सापडत नाही म्हणून वैतागत होतो. मोजणं सोडून नुसत्या ठोक्यांमागे चालायला लागलो तेव्हा लय सापडली. धावणाऱ्या माणसाचं पाऊल दगड-धोंड्यांच्या वाटेवर जसं कमी-जास्त पडतं तशी ती लय आहे. वाट ओबडधोबड, पण धावणारा एकच आणि त्याचा दम एकसारखा.

आता हातांकडे येऊ, कारण कागदावर न दिसणारी एक गोष्ट तिथे आहे. दोन्ही हातांना एकच सुरावट, सप्तकाच्या फरकाने. बघणाऱ्याला वाटतं की एका हाताने जमलं म्हणजे दुसऱ्यालाही जमलंच. पण आपले हात एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. पाच स्वर ओळीने वर चढायचे तर उजवा हात अंगठ्यापासून निघतो आणि डावा करंगळीपासून. म्हणजे आघाताचा स्वर उजव्या हाताच्या अंगठ्याखाली, अंगातल्या सगळ्यांत दणकट बोटाखाली, आला की तोच आघात डाव्या हाताच्या करंगळीला पेलावा लागतो. तिसऱ्या स्वरानंतर पारडं फिरतं. आघात अनामिकेवर आला तर विचारूच नका. ते बोट स्वतंत्रपणे उचलताच येत नाही, शेजारच्या बोटाला ओढत आणतं. ऐकणाऱ्याला मात्र एकच आवाज ऐकू यायला हवा, दोन सप्तकांत पसरलेला, एकाच जोराचा. मी रोज सकाळी एकेक गट घेऊन बसतो : आधी आघाताशिवाय, मग फक्त आघाताचे स्वर मोठ्याने आणि बाकीचे पट्टीला नुसता स्पर्श करून, मग दोन्ही एकत्र. हात एकमेकांना अडखळवणार नाहीत इतकी गती आधी गाठायची, तिच्यापुढची नंतर.

रचनेला ‘स्टडी’ म्हटलंय ते या अर्थानेही चोख आहे. शोपँच्या काळापासून पियानोच्या एत्यूदमध्ये, म्हणजे अभ्यास-रचनेत, एखादी अवघड हालचाल निवडून तिच्याभोवती पूर्ण रचना उभी करतात. इथली अवघड हालचाल म्हणजे दोन असमान हातांनी एक होणं.

चढण आणि उतरण

रचना पियानोच्या खालच्या अंगाला, खर्जात गुरगुरत सुरू होते, हळूहळू वर सरकत मध्यावर तार सप्तकाच्या टोकाशी पोचते आणि तिथून परत खाली उतरते. उतरतानाची वाट नवी नाही. पहिल्या अर्धाची सुरावट शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली की दुसरा अर्ध होतो. म्हणजे विलोमपद.

विलोमपद मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ‘तो कवी डालडा विकतो’ हे वाक्य आपण शाळेत उलटं-सुलटं वाचून पाहिलेलं आहे. त्यातली एक गंमत मात्र सहसा कुणी बघत नाही. अक्षरं मागून-पुढून सारखी आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सोडला तर. पण शब्द सारखे नाहीत. सुलट वाचताना गट पडतात एक, दोन, तीन, तीन असे. उलट वाचलं तर तेच गट तीन, तीन, दोन, एक असे येतात. सममिती अक्षरांत आहे, बोलण्यात नाही. मधला आस ‘डालडा’ या शब्दाच्या बरोबर पोटातून जातो आणि तोंडाला त्याचा पत्ताही नसतो.

संगीतात तर हे आणखी पक्कं आहे. उलट्या फिरवलेल्या सुरावटीत मूळ सुरावट कान ओळखत नाही. ओळखीचं गाणं मागून वाजवलं तर परकं वाटतं. मग रूथने ही यातायात का केली? फक्त कागदावर देखणं दिसावं म्हणून केली असती तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं. माझं उत्तर असं : कानाला स्वरांचा उलटा क्रम कळत नाही, पण उंचीचा आकार कळतो. ज्या पायऱ्यांनी वर गेलो त्याच पायऱ्यांनी खाली आलो, तेवढीच चढण, तेवढीच उतरण, हे न मोजता जाणवतं. ठेका नसलेल्या आणि षड्ज नसलेल्या संगीतात कधी थांबायचं हा मोठाच प्रश्न असतो. आपल्याकडे सम थांबवते, त्यांच्याकडे मूळ सुराचा कॉर्ड थांबवतो. रूथजवळ दोन्ही नव्हतं. तिने डोंगराचा आकार घेतला. पायथा आला की चाल संपली, हे कुणाला सांगावं लागत नाही.

जोराचे तीन आराखडे

आता ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं लिहिलं ती. आवाज कुठे मोठा आणि कुठे लहान, हे रूथने वादकावर सोडलं, पण मोकाट सोडलं नाही. तीन आराखडे दिले आणि त्यांतला एक निवडायला सांगितलं. एका आराखड्यात रचना अतिशय जोरात सुरू होते, मध्यावर अगदी हळू होते आणि शेवटी पुन्हा जोरात. दुसऱ्यात याच्या उलट : हळू सुरुवात, मध्यावर पूर्ण जोर, पुन्हा हळू. तिसऱ्यात पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण जोर.

वादकाला दिलेली मोकळीक, असं म्हणून ही गोष्ट सहसा संपवतात. मला ती मोकळीक वाटत नाही. हे तीन आराखडे उंचीच्या रेघेशेजारी ठेवून पाहा. उंचीची रेघ खालून वर आणि वरून खाली जाते. हळू-जोरात-हळू या आराखड्यात जोराची रेघही तशीच जाते. दोघी हातात हात घालून चढतात, हात घालून उतरतात. जोरात-हळू-जोरात या आराखड्यात उंची चढते तेव्हा जोर उतरतो आणि उंची उतरते तेव्हा जोर चढतो. पूर्ण जोराच्या आराखड्यात एक रेघ जागेवर थांबते आणि दुसरी हलते.

काउंटरपॉइंट शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते हेच आहे. दोन सुरावटी एकमेकींच्या संदर्भात तीन तऱ्हांनी चालू शकतात : एकाच दिशेने, विरुद्ध दिशेने, किंवा एक स्थिर आणि दुसरी हलती. रूथने दुसरी सुरावट काढून टाकली आणि तिच्या जागी जोर उभा केला. एका सुरावटीत दोन आवाज झाले, एक उंचीचा आणि एक जोराचा, आणि त्यांच्या चालण्याच्या तिन्ही तऱ्हा तिने वादकापुढे मांडल्या. सीगर जे शब्दांत सांगत होता, की प्रत्येक बाजूला स्वतःची चाल असावी, ते इथे दहा बोटांनी करून दाखवता येतं. आराखडे तीनच का, चार किंवा पाच का नाहीत, याचंही उत्तर मला यात दिसतं. हे रूथने लिहून ठेवलेलं नाही, हा माझा अर्थ आहे, पण पट्ट्यांवर तो रोज खरा ठरतो.

तीनही आराखडे मी आलटून-पालटून घेतो. हळू-जोरात-हळू सगळ्यांत सोपा, कारण शरीराला तो आधीपासून येतो. वर चढताना आवाज चढवणं हे गळ्याच्या सवयीचं आहे, आणि म्हणून त्यात रचना ओळखीची वाटते, थोडी नाटकी. पूर्ण जोराचा आराखडा मला सर्वांत कमी भावतो. मूळ आवाजच चढा असला की आघाताला वर जायला जागा राहत नाही, आणि आघात बुजले तर या रचनेचं व्याकरणच बुजतं. काही वादक हा आराखडा असा वाजवतात की लोखंडी पत्र्यावर गारा पडाव्यात, आणि त्याला स्वतःचा एक कडकपणा येतो हे मान्य करतो. तरी माझी निवड जोरात-हळू-जोरात हीच आहे. खर्जातल्या दणक्याने सुरुवात होते आणि जसजसे हात उजवीकडे सरकतात तसतसा आवाज विरत जातो. शिखरावर, जिथे आपण आरोळीची वाट पाहत असतो, तिथे काचेवर नख टेकावं तितका आवाज उरतो, आणि त्या तितक्याशा आवाजातही आघात पडतच राहतात, नखांनी टिचक्या माराव्यात तसे. या टिचक्या ऐकू याव्यात म्हणून श्वास रोखावा लागतो. मग उतरण सुरू होते आणि आवाज परत येतो.

पुढे काय झालं

१९३० सालीच रूथला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. संगीतरचनेसाठी ती मिळवणारी ती पहिली स्त्री. त्या पैशांवर ती बर्लिनला गेली आणि तिथे १९३१ साली तिचं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, झालं, जे आता तिचं सर्वांत मोठं काम मानतात. त्याच्या तिसऱ्या भागात चारही वाद्यं लांब स्वर धरून ठेवतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी फुगतो आणि ओसरतो. ऐकताना सुरावट अशी दिसत नाही, जोराच्या लाटाच सुरावट होतात. चौथ्या भागात एक आवाज एका स्वराने सुरुवात करून प्रत्येक खेपेला एक स्वर वाढवत वीसपर्यंत जातो, दुसरा आवाज विसांपासून एकापर्यंत येतो, आणि मग सगळं उलट फिरतं, फक्त अर्ध्या स्वराने वर. पियानो-अभ्यास वाजवलेल्या माणसाला या दोन्ही भागांत शिरताना वाट विचारावी लागत नाही. जोराला स्वतःची चाल देणं आणि आल्या वाटेने परत जाणं, दोन्हीची तालीम दीड मिनिटात होऊन गेली होती. पियानो-अभ्यास १९३२ साली कॉवेलच्या ‘न्यू म्युझिक’मध्ये छापून आला.

त्यानंतर तिची रचना जवळजवळ थांबली. मंदीचे दिवस, लग्न, सीगरची आधीची मुलं आणि पाठोपाठ स्वतःची चार. १९३०च्या दशकाच्या मध्यात कुटुंब वॉशिंग्टनला आलं आणि रूथ लोकगीतांच्या कामात शिरली. जॉन आणि ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनी गावोगाव फिरून तबकड्यांवर गाणी मुद्रित केली होती आणि ती अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ग्रंथालयात होती. १९४१ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहासाठी तबकडीवरून कागदावर उतरवण्याचं काम तिच्याकडे होतं. एकच तबकडी ती कितीतरी वेळा ऐकत असे, कारण गावातला गवई आघात कुठे टाकतो, कुठे अर्धी मात्रा खातो, हे तिला जसंच्या तसं हवं असे. काही जणांना ही तिच्या प्रतिभेची शोकांतिका वाटते. संगीत थांबल्याचं दुःख मलाही आहे. पण ठेका न धरता आघातांमागे चालणारा कान तिथेही तोच होता.

त्या तबकड्यांत केंटकीतल्या विल्यम स्टेप नावाच्या फिडलवादकाचं, १९३७ साली मुद्रित केलेलं, ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ होतं. रूथने ते उतरवलं. संग्रह निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९४२ साली, एरन कॉपलंड या अमेरिकी संगीतकाराने आपल्या ‘रोडिओ’ या बॅलेसाठी तिचं ते छापील स्वरलेखन घेतलं आणि त्यातून ‘हो-डाउन’ झालं. अमेरिकी संगीत म्हटलं की ज्या चार-दोन सुरावटी जगभर कुणालाही आठवतात त्यांतली ती एक. ती स्टेपच्या धनुकलीतून आली आणि रूथच्या पेन्सिलीतून कागदावर उतरली.

१९५२ साली तिने वुडविंड क्विंटेटसाठी, म्हणजे पाच फुंकवाद्यांच्या संचासाठी, एक सूट (लहान भागांची मालिका) लिहिला, बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्वतःचं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कर्करोगाने ती गेली, वय ५२.

या आठवड्यात मी शिखराच्या अलीकडच्या गटांवर आहे. उजव्या हाताच्या टिचक्या ऐकू यायला लागल्या आहेत. डाव्या हाताची अनामिका अजून शेजारच्या बोटाला ओढून आणते, म्हणून तेवढे चार गट वेगळे काढून, पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून तो बंद करून, दोन्ही हात एक होईपर्यंत वाजवतो आहे.